तात्यांची राजदूत आणि वहीतला हिशेब

आमच्या गावात नवी गाडी आली की तिची किंमत कुणी आधी विचारत नाही. "अ‍ॅव्हरेज किती देती?" हा पहिला प्रश्न. याच एका आकड्यापायी आमच्या घरात थोरल्या भावावर चोरीचा आळ आला होता, आणि तो आळ माझ्या पेन्सिलीनं आणला होता. म्हणून हे लिहून ठेवतो.

आमचं गाव फलटण तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात. वाड्या-वस्त्यांवरचं दूध गोळा करून तालुक्याला पोचवायचा धंदा माझे चुलते, तात्या, करायचे. आधी सायकलवर, मग 1979 साली त्यांनी जुनी राजदूत घेतली. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची ही गाडी मूळ पोलंडमधल्या एस.एच.एल. गाडीच्या बनावटीवरून आलेली. पावणेदोनशे सी.सी.ची, टू-स्ट्रोक, दणकट. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन अडकवले तरी कुरकुर करायची नाही. दूध आणि कॅन धरून शंभर किलोच्या आसपास वजन झालं. खडीच्या रस्त्यावर हे वजन पेलणारी दुसरी गाडी तेव्हा आमच्या माहितीत नव्हती. गवळ्यांची गाडी म्हणून तिचं नाव झालं ते उगाच नाही.

पेट्रोल जपून वापरायची सवय मात्र आमच्या घरात राजदूतच्या आधीपासून होती. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल आखडून धरलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. आपल्याकडं पेट्रोल एकदम महागलं. त्या नोव्हेंबरात दरवाढीच्या निषेधासाठी अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. ती बातमी ऐकून आमचे आबा म्हणाले होते म्हणे, "बैलगाडीला काय वैरण लागत न्हाई व्हय? हाकणारा शाना पायजे." तेल वाचवा असं सांगायला सरकारनं पुढं 1978 साली पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन नावाची संस्था काढली. तिच्या जाहिराती आमच्यापर्यंत पोचायच्या आधी आबांचं वाक्य पोचलं होतं.

तात्या मुळात बैलगाडीवर तयार झालेले. चढ यायच्या आधी बैलांना रेटा द्यायचा, चढावर मधेच गाडी थांबवायची नाही, आसाला वंगण कमी पडू द्यायचं नाही, हे अंगात भिनलेलं. राजदूतही ते तशीच चालवायचे. कालव्याच्या पुलाचा चढ लांबून दिसला की थोडा वेग धरायचा आणि त्याच गियरमध्ये वर निघायचं. वस्ती जवळ आली की आधीच रेस सोडायची, गाडी आपसूक मंदावत दारात यायची. दूध मापून होईपर्यंत इंजिन बंद. चाळिसाच्या वर काटा जाऊ द्यायचे नाहीत.

अ‍ॅव्हरेज काढायची त्यांची रीत पक्की होती. दर सोमवारी टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि मीटरचा आकडा लिहायचा. आठवडाभरात जेवढं पेट्रोल पडेल ते मांडायचं, पुढच्या सोमवारी पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरनं भागायचं. तालुका चौदा किलोमीटर, सकाळ-संध्याकाळ दोन खेपा, म्हणजे दिवसाला छप्पन्न, आठवड्याला तीनशे ब्याण्णव. तात्यांच्या हातात आठवड्याला सव्वाअकरा लिटरच्या आत भागायचं. लिटरला पस्तीस. ही वही लिहायचं काम माझ्याकडं होतं.

1983 साली तात्यांची कंबर धरली आणि गाडी माझ्या थोरल्या भावाकडं, दादाकडं, आली. दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा, मी सातवीत. गाडी तीच, रस्ता तोच, कॅन तेच. पण वहीत पहिल्याच आठवड्यात पंधरा लिटर पडलं. भागाकार केला तर सव्वीस. मला वाटलं गणित चुकलं, परत केलं, परत सव्वीस. महिनाभर तसंच चाललं. मी हुशारी दाखवायला तात्यांसमोर वही धरली आणि म्हणालो, "म्हयन्याला सोळा-सतरा लिटर जास्त जातंय."

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. त्याच महिन्यात दादानं टेरिकॉटचा नवा शर्ट शिवला होता. घरात कुजबुज सुरू झाली. बाटलीनं पेट्रोल विकतो म्हणे, पंपावर कमी भरतो आणि जास्त सांगतो म्हणे. एका रात्री तात्यांनी जेवता जेवता विचारलं, "पैसं कुठं जात्यात?" दादा ताटावरून उठला. दुसऱ्या दिवसापासून तो तात्यांच्या पंगतीला बसेना. आईला म्हणाला, दिवाळी झाली की मुंबईला जातो, इथं राहायचं नाही. आई रडायची, आणि मी वही लपवून ठेवायचो.

शेवटी आबांनी तोडगा काढला. तालुक्याच्या मिस्त्रीला बोलावलं आणि दादाच्या मागं बसवून एक खेप करायला लावली. मिस्त्री परत आला, चहा प्याला आणि म्हणाला, "तात्या, पोरगं चोर न्हाई. पोराचा डावा हात चोर हाय."

मग त्यानं एकेक सांगितलं. दादाचा हात सतत क्लचवर. खड्डा दिसला की अर्धा क्लच दाबून रेस द्यायची. इंजिन जोरात फिरतं, चाकाला तेवढं पोचत नाही, प्लेटा झिजतात आणि पेट्रोल जातं. ब्रेकवर पाय टेकलेला, त्यामुळं मागचं चाक कायम थोडं धरलेलं. दोन वस्त्यांच्या मधे भरधाव सुटायचं आणि दारात येऊन करकचून ब्रेक मारायचा. शंभर किलो वजनाला पळवायला जे पेट्रोल जाळलं, ते सगळं ब्रेकच्या पट्ट्यांत तापून वाया. दूध मापताना इंजिन चालूच, कारण किक मारायचा कंटाळा. वर दोन्ही चाकांत हवा कमी. "वला चिखल तुडवत बैल चालवल्यावानी झालंय," असं मिस्त्री म्हणाला.

तात्यांनाही त्यानं सोडलं नाही. काटकसर म्हणून तात्या पेट्रोलमध्ये ऑईल कमी टाकायचे. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण त्या ऑईलचंच. "पाच रुपयं वाचवशीला आन् पिस्टन जाम झाला की पाचशे घालशीला," म्हणाला. आसाच्या वंगणाला जपणारे तात्या तिथं मात्र चुकले होते.

त्या रात्री तात्यांनी पेट्रोलचे पैसे न मोजता दादाच्या हातावर ठेवले. माफी वगैरे कुणी मागितली नाही, आमच्याकडं तशी पद्धत नव्हती. दादा पंगतीला बसला. मला एवढंच म्हणाला, "तुझं गणित बरोबर हुतं रं. पर गाडीवर तू कधी बसला न्हवतास."

दोन महिन्यांत आकडा तेहतीसवर आला. पस्तीस दादाला कधी जमलं नाही.

पुढं 1985 साली हिरो होंडाची सीडी हंड्रेड आली. लिटरला ऐंशी किलोमीटर म्हणून तिचा गाजावाजा झाला. टू-स्ट्रोकमध्ये जळका धूर बाहेर जातो त्याच वेळी नवं पेट्रोल आत येतं, आणि त्यातलं थोडं न जळताच धुराबरोबर निघून जातं. फोर-स्ट्रोकमध्ये या दोन्ही कामांना वेगवेगळी फेरी असते, म्हणून ती बचत. आम्ही 1988 साली ती घेतली. एकट्यानं तालुक्याला जायला सोन्यासारखी. दादानं हौसेनं तिच्यावर दोन कॅन लादून बघितले. मागचे शॉकअप बसले, चढाला खालच्या गियरवर रडत चालली आणि ऐंशीचा आकडा निम्म्यावर आला. मग दुधाला राजदूत आणि माणसांना हिरो होंडा, अशी वाटणी झाली.

आता माझा मुलगा फोनवर गाड्यांचे आकडे बघतो आणि सांगतो, ही बावीस देते, ती चोवीस. मी त्याला दोनच गोष्टी विचारतो. तिच्यावर काय लादणार आहेस, आणि चालवणार कोण? ती वही अजून कपाटात आहे. सव्वीस आकड्याची पानं मी फाडली नाहीत. कुणाच्या खर्चावर बोट ठेवायची वेळ आली की मी ती आधी उघडून बघतो.