उसन्या मज्जेचा इतिहास

साहित्यचर्चेत ‘सहिष्णुता’ हा शब्द नैतिक गुण म्हणून येतो: बलवानाने दुर्बलास, बहुसंख्याने अल्पसंख्यास दिलेली सवलत. प्रतिकारशास्त्रात हाच शब्द विसाव्या शतकाच्या मध्यावर रुजला. तेथे तो औदार्याचे नव्हे, तर शरीराने कमावलेल्या एका ओळखीचे नाव आहे. त्या शब्दाचा इतिहास आम्ही येथे गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेड्याकडून वाचणार आहोत. तेथे त्याला एक तातडीचा संदर्भ आहे, तो सिकलसेलचा.

मध्य भारतातील सिकलसेलची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये केली. वाहकाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, हे आफ्रिकेत ॲलिसनने १९५४ सालीच दाखवले होते. हिवतापाच्या जंगलपट्ट्यातील गोंड, माडिया, परधान समाजांत हा दोष का टिकला, याचे उत्तर त्यात आहे. मात्र दोन्ही पालकांकडून दोष आलेल्या मुलाला त्या संरक्षणाची किंमत मोजावी लागते. त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकतात.

१९८४ साली कुरखेड्यात ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था उभी राहिली. (नावातच ‘आम्ही’ असलेली संस्था विरळा.) त्याच वर्षी अमेरिकेतील मेम्फिस येथून एक वृत्त प्रसिद्ध झाले. रक्ताच्या कर्करोगासाठी आठ वर्षांच्या मुलीत दात्याची अस्थिमज्जा घातली आणि तिचा सिकलसेलही गेला. भारतातील असे पहिले रोपण मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली झाले होते. म्हणजे मार्ग सापडला होता. अडथळा होता तो परकेपणाचा.

या अडथळ्याचा इतिहास गोठ्यात सुरू होतो. १९४५ साली विस्कॉन्सिनमध्ये रे ओवेन यांना आढळले की, वारेतून रक्ताची देवाणघेवाण झालेल्या जुळ्या वासरांच्या अंगी दोन वेगळी रक्ते जन्मभर शेजारी नांदतात. १९५३ साली बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावार यांनी उंदरांच्या गर्भांत परक्या वंशाच्या पेशी टोचल्या. मोठेपणी त्या उंदरांनी त्याच वंशाची कातडी स्वीकारली. या शोधासाठी मेडावार आणि बर्नेट यांना १९६० साली नोबेल मिळाले. पण त्याच प्रयोगपरंपरेची काळी बाजू आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. टोचलेली काही पिल्ले वाढेनात, झडू लागली, खंगून मेली. १९५७ साली कारण कळले. यजमान देहाने पाहुण्याला स्वीकारले होते, पण पाहुण्याने यजमानाला नव्हते. रोपलेल्या पेशींनी देहावरच हल्ला चढवला होता.

मज्जारोपणानंतरचे सर्वांत भयंकर संकट तेच. कातडीवर पुरळ, आतड्यांतून रक्त, यकृतात बिघाड. पुढे तोंड, डोळे, फुप्फुसेही. ते दडपावे तर प्रतिकारशक्ती दुबळी होते आणि जंतूंना वाट मिळते. रक्ताच्या कर्करोगात पाहुण्याचा थोडा आक्रमकपणा उपयोगी पडतो, कारण तो उरलेल्या कर्कपेशींनाही मारतो. सिकलसेलमध्ये मात्र त्यातून काहीच लाभ नाही. म्हणूनच सहिष्णुतेची गरज येथे सर्वाधिक आहे.

ती घडवणारे रेणू शोधताना शास्त्र पुन्हा गर्भाकडे गेले. आईच्या दृष्टीने गर्भ अर्धा परका, तरीही तो नऊ महिने सुरक्षित राहतो. १९९० साली वारेच्या पेशींवर एचएलए-जी हे प्रथिन आढळले. मारेकरी पेशींवरील ‘थांब’ सांगणाऱ्या ग्राहकांना ते बिलगते. रोपणानंतर रक्तात ते अधिक असणाऱ्या रुग्णांत हा आजार सौम्य राहतो, असे काही अभ्यासांत दिसले. त्याचे औषध अजून झालेले नाही. दुसरी वाट नियामक पेशींची. १९९५ साली साकागुची यांनी त्या दाखवल्या आणि २०२५ चे नोबेल त्यांना ब्रन्को व रॅम्सडेल यांच्यासह मिळाले. पहारेकऱ्यांवरही पहारा असतो, एवढे त्यावरून कळले.

आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला प्रयोग. दहा प्रौढ सिकलसेल रुग्णांची स्वतःची मज्जा पूर्ण न जाळता त्यांना भावंडांची मज्जा दिली. नऊ जणांत ती रुजली आणि तो आजार एकालाही झाला नाही. दोन्ही मज्जांच्या पेशी एकाच देहात राहिल्या, ओवेनच्या वासरांसारख्या. सिकलसेल आटोक्यात येण्यास पूर्ण विजय लागत नाही. दात्याच्या पेशींचा वाटा पुरेसा असला की झाले.

जुळणारे भावंड मिळण्याची शक्यता मात्र दर भावंडामागे चारात एक. भावंड स्वतः वाहक असले तरी चालते. ज्या घरांत वाहक पुष्कळ, तेथे हे लहान सांत्वन नव्हे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणी होते आणि कार्ड मिळते. लग्न जुळवताना ते पाहावे, अशी अपेक्षा आहे. त्या कार्डावर सिकलसेलचा निकाल असतो. भावाबहिणींच्या मज्जा जुळतात की नाही, याचा नसतो.