पाण्यांत बुडालेल्या यंत्राची साक्ष

गेल्या पावसाळ्यांत माझा मोबाइल पाण्यानें भरलेल्या बादलींत पडला. मीं तो तत्काळ बाहेर काढला, पंचानें पुसला आणि आंत जीव शिल्लक आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं लगेच कळ दाबली. पडद्यावर क्षणभर उजेड आला व मावळला, तो कायमचा. त्या यंत्रांत माझ्या दिवंगत थोरल्या बंधूंचा आवाज होता. आजारपणांत त्यांनीं गांवच्या जुन्या आठवणी मला सांगितल्या होत्या. दुरुस्ती करणारा तरुण नम्रपणें म्हणाला, "गुरुजी, हा पाण्यानें गेला नाहीं, तुम्हीं कळ दाबलीत म्हणून गेला." पस्तीस वर्षें मुलांना "उत्तर लिहिण्यापूर्वीं प्रश्न नीट वाचा" असें बजावणाऱ्या शिक्षकास याहून योग्य शिक्षा कोणती?

तेव्हांपासून बुडालेलीं यंत्रें माणसानें कशीं वाचविलीं, याचा मी शोध घेऊं लागलों. हा इतिहास मुख्यतः विमानांतील त्या पेटीचा आहे, जिला आपण 'ब्लॅक बॉक्स' म्हणतों. नांव काळें असलें तरी ती भडक नारिंगी रंगाची असते. समुद्राच्या तळाशीं किंवा ढिगाऱ्यांत ती चटकन नजरेस पडावी, हा त्यांतील हेतु.

ह्या पेटीची कल्पना रुजविण्याचें श्रेय मुख्यतः डेव्हिड वॉरन ह्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञास आहे. तो नऊ वर्षांचा असतांना, १९३४ सालीं, त्याचे वडील ज्या विमानांतून प्रवास करीत होते तें बास सामुद्रधुनींत नाहींसें झालें. वडिलांनीं मुलास दिलेली शेवटची भेट म्हणजे एक साधा स्फटिकाचा रेडिओ. पुढें वॉरन मेलबर्न येथील विमानविद्येच्या संशोधनशाळेंत काम करूं लागला. १९५३ सालीं एक 'कॉमेट' विमान कलकत्त्यानजीक कोसळलें. १९५४ सालीं आणखी दोन भूमध्य समुद्रांत पडलीं. काय घडलें हें सांगावयास कोणी उरला नव्हता. त्याच वर्षीं वॉरननें सुचविलें कीं, वैमानिकांचें बोलणें विमानांतच टिपून ठेवावें. त्यानें सिद्ध केलेलें यंत्र चार तासांचा आवाज पोलादी तारेवर उमटवीत असे. स्वदेशांत प्रथम कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. परंतु १९६० सालीं क्वीन्सलंडांतील मॅके येथें एक विमान समुद्रांत पडून २९ माणसें मृत्युमुखीं पडलीं आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियानें आवाज टिपणारें यंत्र सक्तीचें केलें. असा नियम करणारें तें पहिलें राष्ट्र होय.

आपल्या देशास ह्या पेटीचें मोल अतिशय कटु प्रसंगीं कळलें. २३ जून १९८५ रोजीं एअर इंडियाचें 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिक महासागरांत पडलें व त्यांतील सर्व ३२९ माणसें दगावलीं. पाण्याची खोली सुमारें दोन हजार मीटर. अशा पेटीला एक लहानसें ध्वनियंत्र जोडलेलें असतें. पाण्याचा स्पर्श होतांच त्याचें मंडल पूर्ण होतें आणि तें ठराविक अंतरानें साद घालूं लागतें. ही साद आपल्या कानांस ऐकूं येत नाहीं. जहाजांवरील उपकरणांनीं मात्र ती टिपली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत 'स्कॅरब' नांवाच्या दूरनियंत्रित यंत्रानें दोन्ही पेट्या वर काढल्या. त्यांतील फितींची तपासणी मुंबईंत झाली. दोन्ही यंत्रांचें लेखन एकाच क्षणीं अकस्मात तुटलें होतें. न्यायमूर्ति किरपाल यांच्या चौकशींत अपघाताचें कारण बाँबस्फोट हेंच ठरलें. ज्या घरांतील माणूस गेला त्या घरास ही साक्ष केवळ तांत्रिक नव्हती; "असें कां झालें?" ह्या प्रश्नाचें तें पहिलें उत्तर होतें.

याहून कठीण परीक्षा पुढें झाली. १ जून २००९ रोजीं रिओहून पॅरिसला निघालेलें एअर फ्रान्सचें विमान २२८ माणसांसह अटलांटिकांत बुडालें. ह्या वेळीं पेटीची साद कोणासच ऐकूं आली नाहीं. जवळजवळ दोन वर्षांनीं, एप्रिल २०११ मध्यें, सुमारें ३,९०० मीटर खोलीवर अवशेष सांपडले आणि मेच्या आरंभीं दोन्ही पेट्यांतील स्मृतिभाग वर आले. ते १२ मे रोजीं पॅरिसला पोंचले. १६ मे रोजीं सर्व नोंदी वाचल्याचें तपासनिसांनीं जाहीर केलें. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण अडकले होते आणि विमान तोल गमावून खालीं जात आहे हें वैमानिकांस उमगलें नव्हतें, हें त्यांतून कळलें.

दोन वर्षें खाऱ्या पाण्यांत राहूनहि जें यंत्र बोललें, तें एका बादलीच्या पाण्यानें मुकें कां व्हावें? अर्थात् पेटीला पोलादी कवच असतें. पण कवच हें अर्धेंच उत्तर आहे. शुद्ध पाणी विजेचें वाहक फारसें नसतें. त्यांत विरघळलेले क्षार वीज वाहूं देतात आणि प्रवाह चालूं असल्यास तांब्याचे बारीक मार्ग झिजवून टाकतात. म्हणून तज्ज्ञ घाई करीत नाहींत. समुद्रांतून काढलेली पेटी ते उन्हांत वाळवीत नाहींत, तर गोड्या पाण्यांत बुडवूनच प्रयोगशाळेंत नेतात. कारण हवा लागतांच क्षार व प्राणवायु मिळून गंज चढवितात. तेथें ती उघडतात, स्मृतिफलक स्वच्छ धुतात, मंद उष्णतेनें सुकवितात, प्रत्येक जोडणी तपासतात. आणि सर्वांत शेवटीं वीज देतात. मीं नेमकी ती पायरी सर्वांत आधीं गांठली होती.

तेव्हां घरांतील यंत्र पाण्यांत पडल्यास तें त्वरित बाहेर काढावें, चालूं असल्यास बंद करावें, बंद असल्यास चालूं करून पाहूं नये आणि विजेला तर मुळींच जोडूं नये. बाहेरून पुसून वाऱ्यावर ठेवावें. तांदळांत पुरण्याचा उपाय प्रसिद्ध आहे. पण तांदळाची भुकटी आंत शिरून नवीच अडचण उभी राहते. आंतील मजकूर अमूल्य असेल तर तें न चालवितां जाणकाराच्या हातीं द्यावें.

वॉरनला वडिलांचा आवाज पुन्हां ऐकावयास मिळाला नाहीं. परंतु त्याच्या खटाटोपामुळें असंख्य घरांना आपल्या माणसांच्या अखेरच्या क्षणांचा वृत्तांत मिळाला. माझ्या बंधूंचा आवाज मीं माझ्या उतावीळपणानें गमावला. त्यांनीं सांगितलेल्या आठवणी, जेवढ्या ध्यानांत राहिल्या तेवढ्या, आतां मी वहींत शाईनें लिहून काढीत आहें.