शाळेच्या ताटात नाचणी : नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

शालेय पोषण आहारात अधिक पौष्टिक, स्थानिक अन्न कसे आणता येईल, या अभ्यासाकडे लोक नाना वाटांनी येतात. कुणी आहारशास्त्रातून, कुणी शेतीतून, कुणी शिक्षणातून, अलीकडे अर्थशास्त्रातूनही. या सर्वांचे मनापासून स्वागत. माझा आग्रह एकच आहे : पोषणमूल्यांचे तक्ते उघडण्याआधी काही सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात बसून काढा.

शालेय आहाराची केंद्राची योजना १९९५ सालची. पुष्कळ राज्यांत तेव्हा मुलांच्या हाती कोरडे धान्यच पडत असे. शिजवलेले अन्न द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तो २८ नोव्हेंबर २००१ रोजी. निकषांनुसार प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी. हिशेब करून पाहा. तांदळातून साडेसात-आठ ग्रॅम प्रथिने येतात, डाळीतून चार-साडेचार. म्हणजे साध्या खिचडीवर कागद पूर्ण होतो! शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर पांढऱ्या तांदळात त्याचा अगदी क्षुल्लक अंश. पण कॅलरी आणि प्रथिने एवढेच मोजणाऱ्या हिशेबात हा फरक उमटणार कुठे? स्थानिक अन्नाचे खरे बळ नेमके न मोजलेल्या गोष्टींत आहे. म्हणून मोजायचे काय, हे ठरवणे हेच या क्षेत्रातले पहिले संशोधन.

दुसरा प्रश्न पैशाच्या वाटेचा. तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो आणि शाळेला तो फुकट पडतो. गावातल्या गावात खरेदी होते ती मुख्यतः इंधन आणि भाजीपाल्याच्या अनुदानातून. त्यामुळे नाचणीचे शेत शाळेला लागून असले, तरी त्या शेतातली नाचणी ताटात यायला सरळ रस्ता नाही. ब्राझीलने २००९ साली कायदाच केला : शालेय आहाराच्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रकमेची खरेदी कुटुंबशेती करणाऱ्यांकडून व्हावी. आपल्याकडे महाराष्ट्राने नव्या पाककृतींत नाचणीसत्त्व घेतले, ही चांगलीच गोष्ट होती. मात्र जानेवारी २०२५ मध्ये ते ऐच्छिक झाले आणि त्याला लागणारी साखर लोकसहभागातून उभी करण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे गेले. गरीब वस्तीतल्या समितीने ती कुठून आणायची, हा माझ्या मते प्रबंधाच्या तोडीचा प्रश्न आहे.

आता चुलीजवळ येऊ. सत्त्वासाठी नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. मोड आल्याने खनिजे अडवून धरणारे फायटेट कमी होते आणि खनिजे अंगी लागायला मदत होते. भट्टीवरच्या ताईंना हे नाव ठाऊक नसेल, कृती मात्र पक्की ठाऊक असते. पीठ आधी गार पाण्यात कालवले नाही तर गुठळ्या होतात. शंभर मुलांचे पातेले असेल तर हात न थांबवता ढवळावे लागते, नाहीतर तळाला लागते आणि करपट वास आला की मुले वाटी सरकवतात. त्या दिवशीचे कॅल्शियम कोंबड्यांच्या पोटात जाते.

रानभाज्यांचेही तसेच. शाळा सुरू होते आणि पहिल्या पावसाने टाकळा, कुर्डू, शेवळे उगवतात. बाजारात भाजी महाग असते तो हाच काळ. पण टाकळा कोवळा असतानाच खुडावा लागतो, शेवळे काकडांच्या आंबट फळांशिवाय शिजवली तर घसा खाजतो. पालघर-ठाण्याच्या आदिवासी पाड्यांवरच्या बायकांना यासाठी वेगळे प्रशिक्षण नको; त्यांचे ज्ञान लिहून घेणारा अभ्यासक हवा, आणि लिहिताना श्रेय त्यांना देणारा.

पुरावा अगदीच नाही असे नाही. कर्नाटकात एका अभ्यासात दीड हजार मुलांना तीन महिने भरडधान्यांचे जेवण दिले गेले. नाचणीची इडली मुलांना फार आवडली आणि वाढीतही सुधारणा दिसली. तरी तीन महिने थोडे आहेत. उंचीसारख्या गोष्टीबद्दल ठाम बोलायचे तर निदान दोन-तीन शालेय वर्षे मुलांसोबत राहावे लागेल. तोवर एक साधे काम कुणालाही करता येईल : ताटात वाढलेले आणि ताटात उरलेले, दोन्ही वजन करून रोज लिहिणे. अशा नोंदी आपल्याकडे फारच थोड्या आहेत.

आणि कृपा करून वेळही मोजा. स्वयंपाकी-मदतनीस ताईंचे मानधन केंद्राच्या निकषात २००९ पासून महिना १००० रुपये, तेही वर्षातले दहा महिने; राज्ये त्यात आपापली भर घालतात. शंभर भाकऱ्या थापायला, नाचणी निवडायला, रानातून भाजी आणायला जे तास लागतात, ते 'कमी खर्चाचा उपाय' म्हणून छापल्या जाणाऱ्या निष्कर्षांत सहसा दिसत नाहीत. तुमच्या अभ्यासात ते दिसू द्या, आणि त्यांची मजुरी खर्चाच्या रकान्यात धरा.