"रोज तेच तेच" आणि कर्ड्याची गोष्ट



"रोज तेच तेच" हे आपल्या सगळ्यांचं आवडतं गाऱ्हाणं. पाणी गाळा, नवकारसी झाली की चहा ठेवा, डबे भरा, सूर्य मावळायच्या आत जेवणं उरका, मग प्रतिक्रमणाला बसा. पण हे "तेच तेच" एखाद्या दिवशी थांबलंच तर? आपल्या शिरूर तालुक्यात ते एकदा थांबलं होतं. ही गोष्ट घरातल्या मुलींनाही माहीत असावी, म्हणून लिहिते.

साल १८७४. शिरूरजवळच्या कर्डे गावात काळूराम नावाचा मारवाडी सावकार होता. बाबासाहेब देशमुखांवर त्याने दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यापायी त्यांचं राहतं घर लिलावात काढून स्वतःच घेतलं. गाव चिडलं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हावी येईना, पाणक्या पाणी भरेना, घरकामाला माणूस मिळेना.

पुस्तकात हे एका ओळीत येतं. पण घर चालवणाऱ्या बाईने ती ओळ जरा थांबून वाचावी. पाणीच आलं नाही तर गाळायचं काय? आणि दिवसाउजेडी चूल पेटली नाही तर चौविहार करणाऱ्याने जेवायचं कधी? त्या घरांतल्या बायकांचं नाव कुठल्या अहवालात नाही. पण कज्जा दिवाणखान्यातला असला तरी त्याची झळ आधी पाणवठ्यावर आणि चुलीपाशी लागली असणार, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

या रागामागे कारणंही मोठी होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. शेतकरी सावकाराच्या दारात आला आणि न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा देऊन गेला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला बाजारात दंगा उसळला. आपलं दौंडही तेव्हा भीमथडीतच होतं. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. लोकांनी माणसांच्या अंगावर फारसे हात टाकले नाहीत. त्यांना हवे होते रोखे आणि खतं. ते हाती आले की ते जाळत. सावकारांत मारवाडी आणि गुजर जास्त होते, म्हणजे आपलीही कुळं त्यांत होती. ही गोष्ट आपण झाकून ठेवू नये.

पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याचा कर्जाचा कागद गावच्या निबंधकासमोर व्हावा, दिलेल्या पैशांची पावती मिळावी, कर्जापायी त्याला कैदेत टाकू नये, अशा तरतुदी त्यात होत्या.

आता आपलं प्रतिक्रमण आठवा. दुसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत खोटा लेख करणं येतं. तिसऱ्याच्या अतिचारांत खोटी तोलमापं येतात. पाचवं व्रत तर परिग्रहाला मर्यादा घालण्याचंच. म्हणजे कायद्याने जे १८७९ साली मागितलं, ते आपला नित्यनियम कितीतरी शतकं रोज संध्याकाळी विचारत आला आहे. तोंडाने म्हटलेलं दुकानाच्या गादीपर्यंत पोचलं, तर शेजारी बहिष्कार कशाला घालेल?

म्हणून मला वाटतं, रोजच्या दिनक्रमातलं सुख दोन गोष्टींवर उभं असतं. एक आपला नियम. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकाला पैसा लागत नाही, फक्त बसावं लागतं. दुसरी म्हणजे आपल्या उंबऱ्यावर येणारी माणसं: दूधवाले दादा, भांडी घासायला येणाऱ्या मावशी, घोडनदीच्या बाजारात मेथीची जुडी देणारी आजी. त्यांनी आनंदाने यावं, तरच आपली सकाळ सुरळीत.

माझा स्वतःचा क्रम साधा आहे. सकाळी फडक्याने पाणी गाळते, फडक्यातले जीव जपून परत पाण्यात सोडते. मावशींचा पगार एक तारखेला, त्यांनी मागायच्या आधी देते. उसनी वाटी परत करताना रिकामी पाठवत नाही. संध्याकाळी प्रतिक्रमणात त्या अतिचारांपाशी आले की क्षणभर थांबते आणि दिवसभरात कुणाचं काही देणं राहिलं का, ते आठवते. काही आठवलं नाही तर फार हलकं वाटतं. त्या रात्री झोप छान लागते.

आज संध्याकाळी तुम्हीही तिथे जरा थांबून बघा. आणि मुलींना कर्ड्याची गोष्ट जरूर सांगा.