रजेवरचा बाप आणि १८९० चा कायदा

समजा, बाप लष्करात, पोस्टिंग लडाखला. मूल आईकडे, वसईजवळच्या गिरीजला. भेटू देत नाहीत म्हणून अर्ज करायचा, तर कुठे? घटस्फोटाचा खटला चालू नसेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम ९ सांगतं: मूल जिथे नेहमी राहतं तिथे. मुलाच्या दृष्टीने ठीकच. पण जवानाची मोजकी रजा तारखांतच संपायची!

गंमत म्हणजे, १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये यावर तोडगा आहे. कलम ३२ नुसार, रजा या खटल्यासाठी आहे असं लष्करी अधिकाऱ्याचं सर्टिफिकेट जोडून अर्ज केला, की कोर्टाने शक्यतो त्या रजेतच निकाल द्यायचा. आता 'शक्यतो' या शब्दातच मेख आहे म्हणा.

२०२० मध्ये यशिता साहू खटल्यात सुप्रीम कोर्ट आणखी पुढे गेलं. आईबाप वेगवेगळ्या राज्यांत असतील तर भेटीइतकाच संपर्कही महत्त्वाचा; ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं.

तेव्हा मंडळी, आदेशात भेटीच्या तारखांबरोबर कॉलची वेळही लिहून घ्यावी. आदेश मोघम असला, की तो मोडला हे सिद्ध करणंच अवघड. आणि तोवर पोरगं बापाचा आवाज विसरतं.