वळवणचं पाणी आणि बेरिलियमचा पाचवा न्यूट्रॉन

लोणावळ्याला गेलो की आपण भुशी डॅमवर भिजतो, चिक्की घेतो आणि परत फिरतो. वळवण तलावाकडे कोण बघतं? पण वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांतलं पावसाचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ पासून मुंबईला वीज मिळू लागली. कल्पना जमशेटजी टाटांची, तडीस नेली मुलगा दोराबजींनी.

दोराबजी जून १९३२ मध्ये गेले. त्याआधी त्यांनी आपली संपत्ती ट्रस्टच्या नावे केली होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंब्रिजला जेम्स चॅडविकने न्यूट्रॉन शोधला. तेव्हा तिथेच शिकत होते होमी भाभा. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई म्हणजे होमींची सख्खी आत्या. पुढे १९४५ मध्ये याच ट्रस्टच्या मदतीने भाभांनी टीआयएफआर उभी केली आणि आपल्याकडे अणुविज्ञानाला घर मिळालं. (टाटांच्याच विजेसाठी मुळशीत शेतजमिनी बुडाल्या, १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. ती बाजू झाकून ही गोष्ट सांगणं मला पटत नाही. त्यावर वेगळा भाग करतोय.)

आता न्यूट्रॉनकडे येऊ. चॅडविकने अल्फा कण आदळवले होते बेरिलियमवर. बेरिलियमच का? त्याच्या अणुकेंद्रात ४ प्रोटॉन आणि ५ न्यूट्रॉन असतात. हा पाचवा न्यूट्रॉन म्हणजे सकाळच्या लोणावळा-पुणे लोकलच्या दारात लटकलेला माणूस. आत आहे म्हणायचं, पण एक धक्का बसला की बाहेर! त्याला सोडवायला फक्त १.६७ एमईव्ही ऊर्जा पुरते. कार्बनला १८.७ लागते, ऑक्सिजनला १५.७. दोघंही हलकेच, पण त्यांचे न्यूट्रॉन सीटवर ऐसपैस बसलेले. आम्ही कोड लिहिणारे याला थ्रेशोल्ड म्हणतो. त्याच्या खाली कितीही वेळा प्रयत्न करा, काही होत नाही.

१९३४ मध्ये लिओ झिलार्ड या हिटलरच्या जर्मनीतून निसटलेल्या माणसाने आणि टी. ए. चामर्स यांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमधलं रेडियम वापरलं. त्याच्या गॅमा किरणांनी बेरिलियममधून न्यूट्रॉन निघाले. त्याच वर्षी बर्लिनच्या संशोधकांबरोबर पुढची पायरी गाठली: गॅमाऐवजी इलेक्ट्रॉन ट्यूबमधून काढलेले एक्स-रे. म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन धातूवर आपटायचे, ते थांबताना एक्स-रे निघतात, एक्स-रे बेरिलियमचं केंद्र उत्तेजित करतात आणि न्यूट्रॉन बाहेर. मागे उरलेलं बेरिलियम-८ क्षणात फुटून दोन अल्फा कण होतात. इलेक्ट्रॉन स्वतःही केंद्राला थेट धक्का देऊ शकतो, पण ते फार क्वचित घडतं.

आता आपल्या गावाजवळ येऊ. लोकलने शिवाजीनगरला उतरलं की पुणे विद्यापीठ हाकेच्या अंतरावर. तिथल्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. भोरासकरांच्या गटाने मायक्रोट्रॉन हा इलेक्ट्रॉन वेगवान करणारा यंत्रप्रकार वर्षानुवर्षं चालवला. २०१२ मध्ये या गटाने आणि मुंबईच्या ‘समीर’ संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ६ एमईव्ही इलेक्ट्रॉनवर चालणाऱ्या न्यूट्रॉन स्रोताचा आराखडा मांडला. त्यात दर सेकंदाला, दर चौरस सेंटीमीटरला ३० लाख न्यूट्रॉनचा हिशेब होता, आणि नमुना प्रयोगाचे आकडे सिम्युलेशनशी जुळले. मला यातलं सिम्युलेशन जास्त आवडतं, पण ते माझं खूळ आहे.

याचा उपयोग काय? बंद पेटीतल्या वस्तूत कोणती मूलद्रव्यं आहेत, ते न उघडता तपासता येतं. आणि ‘समीर’नेच अशाच ६ एमईव्हीच्या टप्प्यातली कॅन्सरच्या उपचाराची मशिन्सही बनवली आहेत. तिथे मात्र न्यूट्रॉन नकोच असतात. म्हणून १५ एमईव्हीच्या मशीनला खोलीचं दार जाड आणि बोरॉन मिसळलेलं लागतं, ६ च्या मशीनला लागत नाही. रेडियमला बंद करायचं बटण नव्हतं, या यंत्रांना आहे. वीज तोडली की न्यूट्रॉन निघणंही थांबतं.

पुढचा भाग मुळशीचा. भेटू!