बिअरचा कॅन बदलला की काय होते?

बिअरच्या प्रस्थापित ब्रँडचे लेबल बदलणे जोखमीचे असते. दुकानातल्या फ्रिजसमोर उभा असलेला ग्राहक लेबल वाचत बसत नाही. रंग पाहूनच हात पुढे करतो. ओळखीची खूण गेली, तर नेहमीचे गिऱ्हाईकही शेजारच्या ब्रँडकडे वळू शकते. अमेरिकेतील ‘मिलर लाइट’ हे याचे बोलके उदाहरण.

पांढऱ्याचा निळा

मिलर कंपनीने १९७५ मध्ये ही कमी कॅलरींची बिअर अमेरिकाभर आणली. पांढरा कॅन आणि त्यावर जुन्या वळणाच्या निळ्या अक्षरांत ‘लाइट’ ही तिची ओळख होती. पुढे कॅन निळा झाला. मात्र मुख्य प्रतिस्पर्धी ‘बड लाइट’चा रंगही निळाच होता. त्यामुळे फ्रिजमध्ये मिलर लाइट उठून दिसेना. त्यातच ग्राहकांची आवड बदलत होती आणि विक्री अनेक वर्षे घसरत राहिली.

जुने रूप परत

२०१३ च्या अखेरीस आलेल्या ‘अँकरमन २’ या चित्रपटात जुना पांढरा कॅन झळकला. त्याच सुमारास कंपनीने तो मर्यादित काळासाठी बाजारात आणला. विक्री वाढली. २०१४ मध्ये कंपनीने हे रूप कायम केले आणि बाटल्यांवरही आणले. बिअर तीच होती, तरीही चव सुधारल्याचे काही ग्राहकांनी कंपनीला कळवले.

म्हणूनच जुन्या ब्रँडचे वेष्टन नव्याने आखताना काय बदलायचे याआधी काय जपायचे, हे ठरवावे लागते.